आंतरजालावरील माध्यमांचे उद्योजक आणि आपले गाव

(निलंगा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या एकत्रित मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजच्या विषयाचे निमंत्रण घेऊन जे तरुण मित्र माझ्या घरी आले, त्यांनी 'सीरियल आंत्रप्रेन्युअर' असा शब्दप्रयोग केला. माझ्या पत्नीचा समज असा झाला की, मी दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी बोलणार आहे, आणि या वयात मला ही अवदसा कोठून आठवली, असे तिने विचारलेही. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. एक उद्योग उभारून तेथेच न थांबता, त्यातील अनुभव, पैसा आणि माणसे घेऊन दुसरा, तिसरा, चौथा उद्योग उभारणारे जे लोक असतात, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. त्यातही ज्यांनी आंतरजालावर बातम्या, करमणूक वा खेळ पुरविणाऱ्या कंपन्या काढल्या, त्यांच्याविषयी.

हा विषय निलंग्यात कशासाठी, असे आपणांपैकी कोणास वाटेल. त्याचे उत्तर याच गावच्या शिवारात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवजयंतीच्या निमित्ताने कलावंत मंगेश निपाणीकर यांनी येथे सुमारे सहा एकरांत बियाणे पेरून छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा साकारली होती. बांधावर उभे राहिल्यास नुसती हिरवी रोपे दिसत. आकाशात ड्रोन चढला की डोळे, दाढी, जिरेटोप सारे स्पष्ट दिसू लागे. बांधावर येऊन पाहणारांपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ती प्रतिमा हातातील मोबाईलवर पाहिली. जमीन आपली, बियाणे आपले, कलावंत आपला. परंतु ती प्रतिमा ज्या वाटांनी देशभर गेली त्या वाटा दूरदेशीच्या कंपन्यांच्या होत्या, आणि त्या पाहण्याबरोबर ज्या जाहिराती पाहिल्या गेल्या त्यांचे उत्पन्नही मुख्यत्वे तिकडेच जमा झाले असणार. अशा कंपन्या कोण उभारतो, कशा उभारतो, आणि आपल्या मुलांना त्यातले काय घेता येईल, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या देशात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी मुंबईत 'रेडिफ' सुरू झाले. त्याचे संस्थापक अजित बालकृष्णन हे काही संगणकाच्या कारखान्यातून थेट आलेले तरुण नव्हते. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'रेडिफ्यूजन' ही जाहिरातसंस्था काढली होती. नंतर संगणक बनविणाऱ्या पीएसआय डेटा सिस्टिम्स या कंपनीच्या उभारणीतही त्यांचा भाग होता. जाहिरात म्हणजे लोकांचे लक्ष कोठे आहे ते ओळखण्याचा धंदा, आणि संगणक म्हणजे ते लक्ष मोजण्याचे यंत्र. या दोहोंची गाठ पडली तेव्हा तिसरा उद्योग जन्मास आला. जून २००० मध्ये रेडिफचे समभाग अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात बारा डॉलर दराने विक्रीस आले. ती वेळ मोठी विलक्षण होती. त्याच वर्षीच्या मार्चपासून जगभर आंतरजाल कंपन्यांच्या भावांची पडझड सुरू झालेली होती. रेडिफने पुढच्या वर्षी अमेरिकेतील भारतीयांचे 'इंडिया अब्रॉड' हे साप्ताहिक विकत घेतले, २०१६ मध्ये ते विकले, त्याच वर्षी ती नॅसडॅकवरूनही बाहेर पडली, आणि २०२४ मध्ये इन्फिबीम ॲव्हेन्यूज या कंपनीने तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याचा व्यवहार केला. यशाची गोष्ट म्हणून ज्यांना ही सांगावयाची असेल त्यांनी सांगावी. मला तीतील वीस वर्षांची टिकून राहण्याची धडपड अधिक शिकविते.

मुंबईचेच आलोक केजरीवाल घरच्या पायमोज्यांच्या कारखान्यात काम करीत होते. १९९८ मध्ये त्यांनी आंतरजालावर स्पर्धा घेणारे 'कॉन्टेस्ट्सटूविन' सुरू केले. त्यातून मोबाईलवरील स्पर्धांची कंपनी निघाली व तिचा चीनमधील व्यवसाय वॉल्ट डिस्ने कंपनीने घेतला. २००७ पासून ते खेळांच्या कंपनीकडे वळले. रॉनी स्क्रूवाला यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत केबल टीव्हीचे जाळे टाकले, दात घासण्याचे ब्रश बनविले, १९९० मध्ये यूटीव्ही काढली, २००४ मध्ये लहान मुलांसाठी 'हंगामा' वाहिनी सुरू करून दोनच वर्षांत ती डिस्नेला विकली, आणि २०१२ मध्ये यूटीव्हीच तिच्या हवाली करून पुढे 'अपग्रॅड' हा आंतरजालावरून शिक्षण देणारा उद्योग उभारला. ब्रश आणि वाहिनी यांचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. दोन्ही ठिकाणी एकच कारागिरी लागते: घराघरांत रोज सकाळ-संध्याकाळ काय लागते हे जाणणे, आणि ते वेळेवर पोहोचविणे.

तथापि मुंबईच्या या कथा ऐकून आपल्या मुलांनी हुरळून जावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. या माणसांच्या पाठीशी शहर होते, भांडवल होते, इंग्रजी होते. जे अयशस्वी झाले त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. गुंतवणूकदाराचा पैसा आला म्हणजे तो परत जाताना काय घेऊन जाईल याचाही विचार आधीच करावा लागतो. कंपनी विकली जाते तेव्हा वाचकही तिच्याबरोबर विकला जातो, ही गोष्ट त्या व्यवहारात सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

ही रीत नवी नाही

मराठी वाचकाने हे सारे पूर्वी पाहिलेले आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. एका बाजूस मराठी मजकूर आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी, अशी त्याची मांडणी होती. १८४० मध्ये ते बंद पडले आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' मासिक सुरू केले. पहिल्याच्या अनुभवातून दुसरे, हा क्रम मराठी पत्रसृष्टीच्या पायातच घातलेला आहे.

परंतु आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मला किर्लोस्करवाडीचे वाटते, म्हणून त्यावर थोडा थांबतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवीत. नांगर विकावयाचा तर शेतकऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, दुकानदाराशी पत्रव्यवहार हवा, जाहिरात हवी. हे काम त्यांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे होते. शंकरराव मुळात चित्रकार. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याच्या वार्ता गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना कळाव्यात म्हणून. हळूहळू तिच्यात इतर उपयुक्त मजकूर येऊ लागला, वाचक वाढले, खबरेचे 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी आणखी दोन मासिके निघाली. नांगर विकत घेणाऱ्या घरात बायका आहेत, त्यांचेही काही वाचावयाचे असते, तरुण मुले आहेत, त्यांची आवड निराळी आहे, हे ज्याने ओळखले त्याने एकाच उंबरठ्यावर तीन अंक पोहोचविले. आजच्या कंपन्या ज्याला वाचकवर्गाचे पृथक्करण म्हणतात ते कुंडलच्या माळावर एका नांगराच्या कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी केलेले आहे. यंत्र निराळे होते, एवढेच.

डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेतून शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात 'सकाळ' काढला. लोकांना अग्रलेखाइतकीच आपल्या आळीतील, आपल्या तालुक्यातील बातमी हवी असते, हा त्यांचा आग्रह होता. हाच धागा शेजारच्या हैदराबादेत रामोजी राव यांनी निराळ्या रीतीने पकडला. चिटफंड, शेतकऱ्यांसाठी 'अन्नदाता' मासिक, १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून 'ईनाडु' दैनिक, लोणच्यांचा कारखाना आणि १९९५ पासून दूरचित्रवाणी, असा त्यांचा पसारा. ईनाडुने प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र पाने काढली, आणि तालुक्यातील लहान दुकानदार, जो कधी वर्तमानपत्रात जाहिरात देत नव्हता, तो देऊ लागला. २००० साली 'ई टीव्ही मराठी' आपल्याकडे आली ती याच घराण्यातून.

आणि आपला मराठवाडा? आपल्यातील वयस्कर मंडळींना ठाऊक आहे की हा निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात लोकांची बातमी लोकांच्या भाषेत छापणे सोपे नव्हते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. निजामी राजवटीने बंदी घातली की ते नवे नाव घेऊन पुन्हा निघे. त्या माणसाला गुंतवणूकदार नव्हता आणि समभागबाजारही नव्हता, परंतु एकामागून एक पत्र उभे करण्याची चिकाटी म्हणाल तर ती मुंबईच्या कोणाहून कमी नव्हती. पुढे अनंत भालेरावांच्या संपादनाखाली 'मराठवाडा' औरंगाबादहून दैनिक म्हणून निघू लागले.

गावातून निघालेल्या वाहिन्या

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि आंतरजालाचा दर एकाएकी उतरला. त्याच सुमारास भारतनेटची तार ग्रामपंचायत कार्यालयांपर्यंत येत होती. २०१६ मध्येच सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भारतीय डिजिटल पार्टी' म्हणजे 'भाडिपा' सुरू केली. केवळ जाहिरातीवर विसंबून न राहता तिने रंगमंचावरील कार्यक्रम केले आणि 'विषय खोल' नावाची निराळी वाहिनीही काढली. बारामती तालुक्यातील कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका गावच्याच पारावर, गावच्याच बोलीत उभी केली.

अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींचे उदाहरण मला फार बोलके वाटते. सत्तरीच्या या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या साहाय्याने 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी सुरू केली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी लाखो लोकांना स्वयंपाक शिकविला. ऑक्टोबर २०२० मध्ये कोणी अज्ञाताने ती वाहिनी बळकावली. तिच्यावर आजींचा हात उरला नाही. काही दिवसांनी ती परत मिळाली, परंतु त्या दिवसांत घरात काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. शेताचा सातबारा आपल्या नावावर असतो. या वाहिन्यांचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न प्रत्येक मुलाने पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे.

माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. शेजारच्या तालुक्यातील हा मुलगा बी.ए. करून तीन वर्षे घरी बसला. मग जुना मोबाईल आणि एक माईक घेऊन त्याने आसपासच्या पंचवीस-तीस गावांची वाहिनी सुरू केली. बाजाराचे भाव, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके, ग्रामसभा, एका म्हाताऱ्या वासुदेवाची सकाळची फेरी, असे सारे तो टिपून ठेवी. यूट्यूबच्या नियमाप्रमाणे एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी झाली म्हणजे जाहिरातीतील वाटा मिळू लागतो, आणि मोठ्या चित्रफितींवरील उत्पन्नाचे पंचावन्न टक्के निर्मात्याला मिळतात. ती पायरी त्याने चौदा महिन्यांत गाठली. आईला त्याने पहिल्या पैशातून चष्मा घेतला. पुढे एका जत्रेच्या चित्रफितींच्या मागे त्याने परवानगीवाचून चित्रपटगीते घातली. स्वामित्वहक्काच्या तक्रारी एकामागून एक आल्या, आणि एके दिवशी पहाटे वाहिनी बंद झालेली त्याला दिसली. त्याने चित्रफितींची प्रत दुसरीकडे ठेवलेली नव्हती. वासुदेव त्याआधीच वारला होता. त्याचा आवाज आता कोठेही नाही. मुलगा माझ्याकडे आला आणि पायरीवर बसून राहिला. चूक त्याची होती, हे खरे. पण ही चूक काय असते हे आम्ही शिक्षकांनी त्याला कधी सांगितले होते? पंधरा वर्षे मी वर्गात पत्रलेखन शिकविले, स्वामित्वहक्क हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

जून २०२० च्या अखेरीस केंद्र शासनाने टिकटॉकसह एकोणसाठ उपयोजनांवर बंदी घातली तेव्हा आपल्या राज्यातील कितीतरी खेड्यांतील कलावंतांची जमविलेली ओळख एका रात्रीत नाहीशी झाली. बंदीच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे नको. ज्यांचे दुकान परक्या जागेत असते त्यांना नोटीस कधीही येऊ शकते, म्हणून शहाणा उद्योजक आपल्या प्रेक्षकाचा पत्ता आपल्याजवळ ठेवतो, मूळ प्रती आपल्या कपाटात ठेवतो, आणि थोडे का होईना, स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घेतो. देवनागरीत '.भारत' असे नाव २०१४ पासून घेता येते. किर्लोस्करांची वर्गणीदारांची यादी किर्लोस्करांच्याच कपाटात होती.

पंचायतीशी असलेला संबंध

आता ज्या गोष्टीसाठी मी येथे येण्याचे मान्य केले, तिच्याकडे येतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावाचा बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, तेथे आले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होती. जमावाने त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मारून टाकले. बंधुभगिनींनो, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या खोलीत जन्ममृत्यूची नोंद होते त्या खोलीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. उपाय योग्य होता, पण त्या पाचजणांना त्याचा काय उपयोग?

मी स्वतःला नेहमी विचारतो, राईनपाड्याच्या पंचक्रोशीत लोकांचा विश्वास असलेला, रोज खरी बातमी देणारा एखादा मुलगा असता, आणि 'अशी कोणतीही टोळी नाही, मी पोलीस ठाण्यात विचारून आलो आहे' असे त्याने आदल्या दिवशी सांगितले असते, तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा या तालुक्याने मृत्यू फार जवळून पाहिला. त्यानंतर कित्येक रात्री आपण उघड्यावर काढल्या. 'आज पुन्हा होणार' अशी बोलणी उठत आणि माणसे मुलांना कवटाळून बसत. तेव्हा आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ झाली की सारी आळी गप्प होई. आज बातमीची वेळ ठरलेली नाही. ती चोवीस तास येते, आणि कोण पाठवितो ते कळत नाही.

म्हणून तालुक्यातील माध्यम हा काही तरुणांचा छंद आहे असे समजून त्याकडे पाहू नये. त्याला कच्चा माल लागतो, आणि तो माल आपल्याजवळ आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ अन्वये कार्यालयांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. कोणी अर्ज करीपर्यंत वाट पाहावयाची नाही. ग्रामसभेची तारीख, मंजूर कामांची यादी, टँकरच्या फेऱ्या, पीकविम्याची शेवटची मुदत, हे सारे वेळेवर आणि लेखी मिळाले तर त्या मुलाला ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागणार नाही. अफवा आली असता पोलीस पाटलाने आणि ग्रामसेवकाने त्याचा फोन पहिल्या घंटीला उचलावा.

दुसरी गोष्ट बोलताना मला संकोच वाटतो, पण बोलतो. आपल्यापैकी काहीजण वाढदिवसाची जाहिरात देतात आणि त्याबरोबर आपल्याविरुद्धची बातमी येऊ नये अशी अपेक्षाही देतात. काही मुले ती अपेक्षा विकत घेण्यासाठीच वाहिनी काढतात, हेही मी पाहिले आहे. अशा वाहिनीवर अफवेच्या रात्री कोण विश्वास ठेवील? जाहिरात जरूर द्यावी, पावती घ्यावी आणि बातमी त्याची त्याला ठरवू द्यावी.

उत्पन्नाचे काय, असे विचारले जाईल. २०२४ मध्ये आपल्याच तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांची नावे पुण्या-मुंबईच्या किती स्वयंपाकघरांत माहीत आहेत? किर्लोस्करांनी नांगरापासून आरंभ करून मासिकापर्यंत मजल मारली. येथील मुलाने वाहिनीपासून आरंभ करून डाळीपर्यंत का येऊ नये? ज्याचे वरण आवडले त्याच्यापर्यंत ती डाळ पोहोचविणे, शेतकरी गटाशी लेखी करार करणे, हिशेब ठेवणे, हा त्याचा दुसरा उद्योग होईल. लातूरच्या बाजारातील सोयाबीन व तुरीचे भाव, पावसाचा अंदाज आणि रोगाची सूचना रोज सकाळी सहाच्या आत देणारी सेवा हा तिसरा. 'ॲग्रोवन' हे केवळ शेतीला वाहिलेले दैनिक २००५ पासून चालू आहे. शेतकरी उपयोगाच्या माहितीसाठी पैसे देतो, हे त्याने सिद्ध केले आहे. फार काय, बसस्थानकासमोर सकाळी जो निलंगा राईस मिळतो, त्याचे नाव लातूरच्या गल्ल्यांत कोणत्याही जाहिरातीवाचून पोहोचले आहे. चांगली वस्तू आणि तोंडोतोंडीची ख्याती यांची ताकद आपण कमी लेखू नये.

शाळांनी एक करावे. आठवी-नववीच्या मुलांकडून दर महिन्याला गावची चार पानी बातमीपत्रिका करून घ्यावी. प्रत्येक बातमीखाली ती कोणी सांगितली आणि दुसऱ्या कोणाकडून पडताळली, ही दोन नावे लिहावयाची. छपाई नको, फळ्याशेजारी चिकटविली तरी पुरे. आम्ही पूर्वी हस्तलिखिते काढीत असू, त्यात कविता फार असत आणि बातम्या नसत. तो दोष आता दुरुस्त करता येईल.

ज्या विद्यार्थ्याची गोष्ट मी सांगितली तो आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने नवी वाहिनी सुरू केली. तिची प्रत आता दोन ठिकाणी ठेवलेली असते, आणि गीते गावचे भजनी मंडळ गाते, मंडळाची लेखी संमती घेऊन. प्रश्न मला विचारण्याऐवजी त्यालाच विचारावेत, अशी अध्यक्षांच्या परवानगीने विनंती करतो. तो थोडा लाजरा आहे, पुढे यायला दोन मिनिटे घेईल.